सूर धरणारा धाकू

ठाकुर्लीला पॉवरहाऊसच्या मागं एक बैठी चाळ होती. तिथं रोज पहाटे एकच सूर ऐकू यायचा. एकदा सुरू झाला की तो थांबायचं नाव घेत नसे. चढ नाही, उतार नाही, मुरकी नाही, काही नाही. नव्यानं राहायला आलेल्या माणसाला वाटायचं, कसला तरी भोंगा बिघडलाय. मग शेजारी समजूत घालायचे, "भोंगा नाय हो, आमचा धाकू हाय तो."

धाकू सहदेवच्या खालूबाजात सूर धरायचा. ज्यांनी खालूबाजा कधी ऐकला नाही त्यांच्यासाठी सांगतो : सनई, ढोल, टिमकी असं हे कोकणातलं वाजप. लग्न असो, शिमगा असो, ते पुढं आणि गाव मागं. सहदेवच्या ताफ्यात माणसं चारच. तो स्वतः सनईवर, तानाजी ढोलावर, तानाजीचा भाऊ टिमकीवर आणि सहदेवच्या मागं एक पाऊल सोडून धाकू. सनईवाला चाल वाजवतो तेव्हा मागून दुसऱ्या सनईवर एक स्वर सारखा धरून ठेवावा लागतो. गालात वारा साठवायचा, नाकानं श्वास घ्यायचा आणि सूर तुटू द्यायचा नाही. पुढचा थांबेपर्यंत मागच्यानं थांबायचं नाही हा नियम. लोक चाल ऐकून माना डोलावतात. सूर धरणाऱ्याकडं कुत्रंसुद्धा बघत नाही.

धाकूला हे काम हुंड्यात मिळालं असं तानाजी म्हणायचा. त्याची बायको तुळसा ही सहदेवची धाकटी बहीण. लग्नानंतर पहिल्याच सणाला सहदेवनं जावयाच्या हातात कपडे नाही, भांडं नाही, सुराची सनई दिली आणि म्हणाला, "धाकू, हे धर आणि फुंक. बोटं हलवू नको." धाकूनं धरलं आणि फुंकलं. पुढं त्याला शेवंती झाली, ती परकर नेसायची होती ती लुगडं नेसायला लागली, इंग्रज देश सोडून गेला, तरी धाकूचं बोट काही हललं नाही.

चाळीच्या तोंडाशी त्र्यंबकराव नावाचे पेन्शनीत निघालेले मास्तर राहायचे. स्वभाव मिस्कील. सकाळी दूध आणायला निघाले की धाकूच्या दारात थांबून विचारायचे, "काय धाकू, इतकी वर्षं नुसता सूर लावताय, गाणं सुरू कधी होणार?" धाकू हसायचा. मास्तर वळले की त्याचं हसू मात्र मिशीतच विरून जायचं.

कारण गाणं धाकूला येत होतं. सगळंच येत होतं. दारात वाजायची चाल, हळदीची चाल, अक्षता पडल्यावरची उडती चाल, पोरगी सासरी निघताना वाजतात त्या रडक्या चाली. वर्षानुवर्षं सहदेवच्या पाठीला नाक लावून उभं राहिल्यावर न येऊन सांगतात कुणाला! दुपारी ताफा घरी असला की धाकू सहदेवची जुनी, टाकून दिलेली सनई धोतराच्या ओच्यात घालून पॉवरहाऊसच्या भिंतीपाशी जायचा. आत यंत्रांची अखंड घूंघूं चाललेली असायची. त्या घूंघूंलाच सूर मानून धाकू एकेक चाल काढायचा. बाहेर कुणाला पत्ता लागत नसे. तुळसाला तेवढं ठाऊक होतं. एकदा ती डबा घेऊन गेलेली, तेव्हा भिंतीआड उभी राहून ऐकलेलं. घरी आल्यावर तिनं त्याच्या ताटात एक भाकरी जास्तीची वाढली, आणि दादाला यातलं काही कळू दिलं नाही.

धाकूची इच्छा एवढीच होती : शेवंतीच्या लग्नात सनई आपण वाजवायची. सूर नव्हे, चाल. पोरीवर अक्षता पडतील त्या घटकेला मांडवात जी सनई घुमेल ती तिच्या बापाची असली पाहिजे. जन्मभर दुसऱ्यांच्या पोरी वाजत गाजत पाठवल्या, आपली एक तरी आपल्या हातानं पाठवू की नको? पण हे सहदेवला सांगायचं कुणी? सहदेव माणूस वाईट नव्हता, पण वाजपाचा म्होरक्या होता, आणि म्होरक्याला आपल्याशिवाय कुणाला काही येतं हे पटायला जड जातं.

वैशाख लागला की ताफा रस्त्याला लागायचा. आज दिव्याला, उद्या टिटवाळ्याला, परवा होडीत बसून खाडीपलीकडं. ढोल बैलगाडीत आणि माणसं गाडीमागून चालत. मुरबाडच्या मोटारीत कंडक्टर ढोल टपावर टाकायला सांगायचा आणि तानाजी ढोलाबरोबर टपावरच जाऊन बसायचा. आगऱ्यांच्या गावात सुकटीचं कालवण आणि तांदळाची भाकरी, वर वाजवून वाजवून माणूस आडवा होईपर्यंत आग्रह. डोंबिवलीत ब्राह्मणाघरी गेलं की जिलबी आणि मठ्ठा, पण वाजवायचं बेतानं. एका घरी यजमान दर पाच मिनिटांनी येऊन सांगायचे, "जरा हळू. आतमध्ये काकू झोपल्यात." तानाजी म्हणाला, "काकूंना उठवा की. लग्न हाय घरात!" पुढच्या वर्षी त्या घरचं बोलावणं आलं नाही.

सनईवाल्यांची खरी वैरीण म्हणजे चिंच. गावोगावची वांड पोरं वाजंत्र्यांच्या समोर येऊन उभी राहतात आणि मिटक्या मारत चिंच चोखतात. बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटतं, ते पाणी सनईच्या तोंडाशी असलेल्या पत्तीत शिरतं आणि सूर बुडतो. सहदेव पोरांवर डोळे वटारायचा. धाकूला ते जमत नसे. कळव्याच्या एका लग्नात चिंचेपायी त्याचा सूर असा काही गुरगुरला की वरमाई दचकून मागं सरली. तेव्हापासून सहदेवनं हुकूम काढला, "डोळे मिटून फुंकत जा." आणि धाकूनं तो पाळला. वरातीतही तो डोळे मिटूनच चालायचा. पुढं तानाजीचा ढोल घुमत असायचा, त्या आवाजामागं पाय टाकायचे, की झालं.

या हुकमानंच पुढं घोटाळा केला. कल्याणात एका चौकात दोन वराती समोरासमोर आल्या. एक आपली, दुसरी बुधाजीची. हा बुधाजी कल्याणचा नावाजलेला सनईवाला, आणि सहदेवचं त्याच्याशी साप-मुंगसाचं. दोन्हीकडच्या जोडप्यांनी एकमेकांची तोंडं पाहू नयेत म्हणून बायकांनी पदर आडवे धरले. वाजंत्र्यांचं मात्र उलट. वराती भेटल्या की जो आधी थांबला तो हरला. सहदेवनं चाल चढवली, बुधाजीनं त्यावर चढवली. तानाजी ढोलावर असा तुटून पडला की त्याची टोपी उडाली. दोन्हीकडचे वऱ्हाडी नाचायला लागले, कोण कुणाचा हे कुणाला कळेना. दोघांच्या सनया एकाच कारागिराच्या, स्वर एकच. या गदारोळात मधोमध धाकू डोळे मिटून, गाल फुगवून उभा. शेवटी वराती सुटल्या. एक ढोल डावीकडं गेला, एक उजवीकडं. धाकूनं एका ढोलामागं पाय टाकले.

ढोल चुकीचा होता.

चार चाली होईतो बुधाजीच्या ध्यानात आलं की आज आपल्या मागं कुणीतरी भक्कम सूर धरलाय. त्याचा नेहमीचा सूरवाला जेमतेम, दर चालीत दोनदा दम टाकणारा. बुधाजीनं वळून बघितलं, तर सहदेवचा माणूस! आधी त्याला वाटलं, खोडी काढायला पाठवलाय. मग गंमत वाटली. मग तो मुद्दामच थांबेना. पुढचा थांबेना म्हणून मागचा थांबेना. वरात खाडीवर आली, वऱ्हाड होडीत चढलं, कुणीतरी दंडाला धरून धाकूलाही चढवलं. पायाखाली हालचाल व्हायला लागली तेव्हा धाकूला शंका आली, की आपली वरात तर स्टेशनाकडं जायची होती. त्यानं डोळे उघडले. समोर पाणी, अनोळखी नवरा, आणि बुधाजी सनई खाली घेऊन पोट धरून हसतोय.

"आता उतरशील कवा?" बुधाजी म्हणाला. "चल, जेवून जा."

पलीकडच्या गावात लोकांनी धाकूला वरच्या ओळीत बसवून जेवू घातलं. वाजंत्री बोलावला नव्हता आणि देवानं धाडला म्हणून नवऱ्याच्या बापानं त्याला फेटा बांधला. निघताना बुधाजी खाडीपर्यंत पोचवायला आला. "तुजेसारका सूर ठाणे जिल्ह्यान नाय," तो म्हणाला. "माजेकरं ये. मान देईन."

"मेहुणा हाय तो माझा," धाकू म्हणाला. "बायकोला काय तोंड दाखवू?"

तो दुसऱ्या दिवशी फेटा बांधून घरी आला तेव्हा सहदेव ओटीवर बसला होता. आदल्या दिवशी धाकू हरवल्याचं त्याला स्टेशनाच्या दारात पोचल्यावरच कळलं होतं, आणि त्याआधी वाटेत दोन म्हाताऱ्यांनी विचारलं होतं, "वाजंत्रीदादा, आज घसा बसलाय काय?" ही गोष्ट त्यानं कुणालाच सांगितली नव्हती. तानाजीनं सगळ्यांना सांगितली.

"फेटा कुणाचा?" सहदेवनं विचारलं.

"बुधाजीच्या यजमानांचा."

"एक सूर दिलेला सांभाळायला! एक! तोपण दुसऱ्याच्या घरात नेऊन वाजवलास!"

"तुमीच बोल्लेलात डोळे मिटून फुंक म्हणून," धाकू म्हणाला. इतक्या वर्षांत एवढं लांब उत्तर त्यानं पहिल्यांदाच दिलं होतं.

त्यानंतर सहदेवनं जे केलं ते मला आजही आवडलेलं नाही. पुढच्या वरातीपासून तो एक सुतळी आणायचा, तिचं एक टोक तानाजीच्या ढोलाच्या कडीला बांधायचा आणि दुसरं धाकूच्या कमरेला. बैल बांधतात तसा. वऱ्हाडातली पोरं खिदळायची. तानाजीलासुद्धा लाज वाटायची, तो मागं वळून न बघता ढोल वाजवायचा. धाकू डोळे मिटून फुंकत राहायचा. तुळसाला कळलं तेव्हा ती आधी हसली आणि मग चुलीपुढं बसून बराच वेळ लाकडं आदळत राहिली.

पुढच्याच वर्षी शेवंतीचं जमलं. मुलगा कळव्याचा, कारखान्यात फिटर, शांत स्वभावाचा. वैशाखातला मोठा मुहूर्त धरला. सहदेव मांडवाच्या जागेपासून पंगतीपर्यंत सगळ्यात पुढं. भाचीवर त्याचा जीव होता, त्यात खोट नव्हती. एक दिवस तो सुपारी कातरत म्हणाला, "अशी सनई वाजवीन की कळव्यापर्यंत ऐकू जाईल."

तुळसा तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "दादा, तू कसा वाजवशील?"

"का? हात मोडलेत माझे?"

"तू मामा हायस. अक्षता पडताना मामा पोरीच्या पाठीशी उभा राहतो. तुझ्याशिवाय दुसरा मामा हाय का तिला?"

सहदेवचा अडकित्ता थांबला. शेकडो मांडवांत त्यानं वाजवलं होतं आणि शेकडो मामा उभे राहिलेले बघितले होते. पण दोन्ही कामं आपल्या एकट्याच्या अंगावर येतील हे कधी त्याच्या मनातच आलं नव्हतं. अक्षता पडायला आणि सनई सुरू व्हायला एकच घटका. माणूस एक, जागा दोन.

मग सनईवाल्याची शोधाशोध झाली. भिवंडीचा गुंतलेला, अंबरनाथचा गुंतलेला, ठाण्याचा तर तीन लग्नं घेऊन बसलेला. मोठा मुहूर्त म्हटल्यावर दुसरं काय होणार! निरोप आला तो एकाच माणसाचा. बुधाजीनं कळवलं होतं, 'धाकूच्या पोरीचं लगीन असंल तर हातचं काम सोरून येतो.'

"त्याचा पाय माझ्या भाचीच्या मांडवात लागायचा नाय!" सहदेव कडाडला. "त्यापेक्षा बिनवाजंत्रीचं लग्न लागलं तरी चालेल."

"मी वाजवतो," धाकू म्हणाला.

सहदेव हसला. "तू? तुला काय येतं?"

"सगळं येतं त्यांना," तुळसा म्हणाली. आता तिनं मान वर केली होती. "पॉवरहाऊसच्या मागं जाऊन ऐक एकदा. माझ्या पोरीच्या लग्नात तिचा बाप वाजवणार. तुला सुतळी बांधायची तर आत्ताच बांधून घे."

सुतळीची गोष्ट घरापर्यंत पोचलीय हे सहदेवला माहीत नव्हतं. तो नरम आवाजात म्हणाला, "बरं. पण सूर कोण धरणार? बिनसुराची सनई म्हणजे अळणी कालवण. चाल कितीबी चांगली असू दे, मागं सूर नसला तर ती उघडी पडते." बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं विषय पंगतीवर नेला.

सूर धरायला कुणी मिळालं नाही. लग्नाच्या दिवशी धाकूनं बापाच्या वाट्याचे विधी उरकले, हात पुसले आणि सहदेवची चांगली सनई घेऊन मांडवाच्या खांबाशी जाऊन उभा राहिला. आपली सुराची सनई त्यानं बोहल्याच्या कडेला पाटावर ठेवली. जी हातात धरून जन्म काढला ती वस्तू पोरीच्या जवळ असावी, एवढंच त्याच्या मनात होतं. मंगलाष्टकं सुरू झाली. शेवंतीच्या मागं सहदेव जरीचा फेटा बांधून ताठ उभा. त्र्यंबकराव मास्तर पहिल्या ओळीत अक्षता घेऊन. शेवटचं सावधान झालं, तांदूळ उडाले, अंतरपाट सरकला, तानाजीचा ढोल घुमला आणि धाकूनं फुंकलं.

पहिली फुंक चांगली निघाली. लोकांनी माना वळवल्या. मास्तरांच्या मुठीतल्या अर्ध्या अक्षता मुठीतच राहिल्या. पण चाल वर चढायला लागली तशी सनई एकटी पडली. पॉवरहाऊसच्या भिंतीपाशी मागं घूंघूं असायची. इथं मागं काहीच नव्हतं. त्यात समोर हळदीनं पिवळी झालेली शेवंती हार घालायला हात वर करत होती. चाल एकदा लटपटली, मग पुन्हा. तुळसानं डोळे मिटून घेतले. आता तुटणार हे तिला कळलं होतं, आणि तुटलं असतं तर धाकूनं पुन्हा सनईला हात लावला नसता हेही.

आणि तेवढ्यात सूर आला.

नवरीच्या मागून आला. सहदेवनं वाकून पाटावरची सनई उचलली होती, पत्ती ओठांनी भिजवली होती आणि मामाच्या जागेवर उभा राहूनच तो फुंकत होता. "अहो मामा, हे काय चालवलंय?" भटजी म्हणाले. मामांना उत्तर द्यायला तोंड मोकळं नव्हतं. वऱ्हाड हसायला लागलं, शेवंतीसुद्धा हाराआडून हसली. धाकूच्या पायाखाली जमीन आली. त्यानं चाल उचलली ती थेट वर नेली आणि वरून अशी फिरवत खाली आणली की टिमकीवाला वाजवायचं विसरला.

मग धाकू थांबेचना. खरं सांगायचं तर त्याला थोडी मजाही आली. अक्षतांची चाल संपली, त्यानं हळदीची लावली, ती संपली, तशी दारातली लावली. सहदेवचे गाल दुखायला लागले, कपाळावर घाम आला, तोंड वांग्यासारखं झालं. चाल वाजवणाऱ्याला मध्ये दम घेता येतो, हरकत घेऊन थांबता येतं. सूर धरणाऱ्याला काहीच घेता येत नाही. हे त्याला त्या मांडवात कळत होतं. दोनदा सूर थरथरला, पण त्यानं तो तुटू दिला नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दमानं की भाचीपायी, ते त्यालाच माहीत. दोन्हींमुळं असावं.

जेवणं आटोपून पाठवणीची वेळ झाली. बैलगाडी सजून दारात आली. शेवंती आईच्या गळ्यात पडली, बापाच्या पाया पडली, आणि धाकूचं तोंड असं झालं की बघवेना. सहदेव आता मामाच्या कामातून सुटला होता. फेटा काढून तो ताफ्यात येऊन उभा राहिला. धाकूनं चांगली सनई त्याच्यापुढं धरली.

"घ्या दादा," तो म्हणाला. "एवढी चाल माझ्याच्यानं वाजायची नाय."

सहदेवनं ती घेतली नाही. त्याच्या हातात सुराचीच सनई होती. तो धाकूला ओलांडून गेला आणि त्याच्या मागं, एक पाऊल सोडून उभा राहिला.

"तुझीच पोर हाय, तूच पाठव," सहदेव म्हणाला. "दम गेला तर जाऊ दे. मी हाय मागं."

तानाजीनं ढोलावर टिपरू टाकलं, आणि गाडी हलली.